आठ दशांश आणि एक फणस

म्हसळ्यात लाईट गेली की आमच्या मंडळाची सभा भरते. नोटीस काढावी लागत नाही, 'अगत्य येणेचे करावे' असं कुणी लिहीत नाही. सगळ्या सभासदांना एकाच क्षणी, एकाच पद्धतीने कळवलं जातं. पडदा काळा होतो, पंखा दोन गिरक्या जास्तीच्या घेऊन थांबतो आणि कुठल्या तरी खिडकीतून 'सेव्ह केलं नव्हतं रे!' अशी आरोळी येते. हीच आमची घंटा. मग जो तो पायात चपला सरकवत झेरॉक्सवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतो. तीन मिनिटांत कोरम पूर्ण. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे तो येत नाही. पण ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याचं आणि आमचं तसंही जमत नाही.

हे मंडळ ऑटोकॅडवाल्यांचं. घरांचे, वाड्यांचे, वाटण्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून पोट भरणाऱ्या पाच-सहा जणांचं. मोठ्या शहरांत याला 'यूजर ग्रुप' म्हणतात. तिथे म्हणे महिन्याच्या ठरल्या दिवशी सगळे जमतात, कुणीतरी पडद्यावर नवीन कमांड करून दाखवतो, बाकीचे टिपून घेतात आणि शेवटी खाणं असतं. आमच्याकडे खाणं आधी असतं, आणि पडद्यावर दाखवायचा प्रश्नच येत नाही, कारण लाईट असती तर आम्ही जमलोच नसतो. सॉफ्टवेअर बंद पडल्यावरच भरणारा असा दुसरा यूजर ग्रुप पृथ्वीवर असेलसं वाटत नाही. सगळ्या कमांड आम्ही तोंडी करतो. 'एल एंटर, मग ओ एंटर, नऊ इंच, मग टीआर करून वरचं उडव,' असं एकजण हवेत बोट फिरवत सांगतो आणि बाकीचे त्या बोटाकडे बघून 'हां, पण कोपरा उघडा राहिला तुझा,' म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटतो. एका आजींनी खरोखरच थांबून, 'नातवाची दृष्ट काढशील का रे?' असं विचारलं होतं.

मंडळाला नाव नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही. कोकणात मंडळ फुटायला पैशांचा घोटाळा लागतो हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे, नाव पुरतं. 'तालुका' शब्द घातला की गावातले म्हणणार, मग अध्यक्ष बाहेरचा का? 'म्हसळा' एवढंच ठेवलं की खेड्यातले म्हणणार, आमची फक्त वर्गणीच पाहिजे का? शिवाय नाव आलं की बॅनर आला, बॅनर आला की फोटो आले, आणि फोटोंचा क्रम लावताना आजवर एकही मंडळ जिवंत राहिलेलं नाही.

सभासदांची ओळख त्यांच्या कामावरून. सगळ्यांत ज्येष्ठ ते ट्रेसिंगवाले काका. हे रॉट्रिंगच्या पेनांच्या जमान्यातले. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने रेघ मारायची, चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, आणि त्यावरून अमोनियाच्या वाफेवर प्रिंट काढायच्या. तो अमोनिया डोळ्यांना असा झोंबायचा की काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळी घराचा नकाशा हातात घेताना मालकाच्या आधी ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांत पाणी यायचं. ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो, ही शास्त्रीय गोष्ट आहे. म्हसळ्यात चार महिने हवा म्हणजे ओलं फडकंच. काका सांगतात, आषाढात काढलेलं घर दिवाळीत मोजलं की थोडं आकसलेलं निघायचं. कुणी तक्रार केली नाही. घर मोठं निघालं तर शेजारी तक्रार करतो, लहान निघालं तर मालकालाच बांधकामात वाचल्यासारखं वाटतं.

दुसरे कुवेतवाले चाचा. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांचा एक खांब आखातात रोवलेला आहे. चाचांनी तिकडे बावीस वर्षं ड्राफ्टिंग केलं. त्यांनी वाळवंटात काढलेल्या इमारतींचे मजले मोजले तर म्हसळ्याच्या खाडीत उभं राहून ढगाला हात लागेल. चाचांचा माऊस आम्ही फारसा हललेला पाहिला नाही. डावा हात कीबोर्डवर, दोन बोटांत सगळी विद्या. 'माऊस हलवणारा माणूस शंका घेतोय असं समजायचं,' हे त्यांचं वचन. तिसरी लोणेरेवाली, म्हणजे तिकडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारी. सुट्टीत घरी आली की सभेला येते. मंडळात त्रिमितीचा अनुभव असलेली ती एकटीच. बाकी आम्ही सगळे सपाट. चौथा झेरॉक्सवाला स्वतः. तो काहीच काढत नाही, पण तालुक्यातला एकमेव मोठा प्लॉटर त्याच्याकडे आहे, त्यामुळे तो आमच्यात रिझर्व्ह बँकेसारखा आहे. आणि पाचवा मी.

आता जगभर अशा मंडळांचा इतिहास फार थोर आहे, हे आमच्या बाकावर बसून कुणाला पटणार नाही. ऑटोकॅड आलं १९८२ च्या अखेरीला. जॉन वॉकर नावाच्या गृहस्थांनी डझनभर मित्र गोळा करून कॅलिफोर्नियात कंपनी काढली. गंमत अशी की कंपनी काही एकट्या ऑटोकॅडसाठी काढलेली नव्हती. चार-पाच प्रॉडक्ट एकदम करून बघायची, जे चालेल ते आपलं, असा बेत होता; आणि कंपनीला ज्याचं नाव दिलं ते कचेरीतल्या टेबलाचं काम करणारं 'ऑटोडेस्क' बाजूलाच राहिलं. चाललं नकाशे काढायचं. झेरॉक्सवाल्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो अजिबात चकित झाला नाही. त्याच्या दुकानावर अजून 'शालेय साहित्य व भेटवस्तू' अशीच पाटी आहे.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८१ साली, आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले आमच्याच तालुक्यातल्या आंबेतचे. ऑटोकॅडमध्ये 'रीनेम' ही कमांड यायच्या आधी म्हसळ्याने ती अख्ख्या जिल्ह्यावर चालवून दाखवली होती, हे काका प्रत्येक नव्या सभासदाला सांगतात. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मंडळाच्या इतिहासाची सुरुवात कुठून तरी करावी लागते.

मग तिकडे गावोगाव ऑटोकॅडवाल्यांचे गट झाले. १९९० साली उत्तर अमेरिकेतल्या गटांची मिळून एक संघटना झाली, पुढे ती जगभर पसरली आणि तिला 'ऑगी' म्हणू लागले. या ऑगीचा सगळ्यांत आवडण्यासारखा उद्योग म्हणजे इच्छायादी. सभासदांनी आपल्याला सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं ते मागायचं, त्यावर मतं घ्यायची, आणि वरच्या दहा मागण्या कंपनीपुढे ठेवायच्या. त्यांतल्या काही खरोखर पुढच्या आवृत्त्यांत येतात! निवेदन दिलं आणि त्याप्रमाणे झालं, ही गोष्ट चाचांनी दोनदा सांगायला लावली. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

ऐंशीच्या दशकात तर आणखी मोठा पराक्रम झालेला आहे. चोरून कॉप्या होऊ नयेत म्हणून कंपनीने ऑटोकॅडबरोबर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायचं एक कुलूप द्यायला सुरुवात केली. ते खुपसलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. पैसे मोजून घेतलेल्या लोकांनी एवढी ओरड केली, की अमेरिकेतल्या आवृत्तीतून ते कुलूप काढावं लागलं. हे ऐकून आमच्या बाकावर थोडा वेळ शांतता पसरली. कारण कुणाच्या मशीनवर कुठली आवृत्ती कुठल्या वाटेने आली हे विचारायचं नाही, हा आमच्या मंडळाचा एकमेव नियम आहे, आणि तो कुठेही लिहिलेला नाही.

पण २०१६ पासून कंपनीने नवी कायमची लायसन विकणंच बंद केलं. आता वर्षाचे पैसे भरा, वर्षभर वापरा, पुढच्या वर्षी पुन्हा भरा. शहरातले लोक याला 'सबस्क्रिप्शन मॉडेल' म्हणतात. कोकणातल्या माणसाला असला अवघड शब्द लागत नाही. याला खंड म्हणतात आणि भरणाऱ्याला कूळ. पिढ्यान् पिढ्या खोताला खंड भरून झाल्यावर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला, आणि साठ वर्षंही पुरी व्हायच्या आत आम्ही पुन्हा कूळ. फक्त खोत कॅलिफोर्नियात. 'कसेल त्याची जमीन' झाली तसं 'काढेल त्याचं ऑटोकॅड' कधी होणार, असा ठराव काकांनी एकदा मांडला होता. संपाची सूचनाही आली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन न कसता संप केला. रायगडच्या मातीत तो बाणा आहेच. पण आम्ही सहा दिवस जरी ऑटोकॅड कसलं नाही, तर तालुक्यातल्या सगळ्या वाटण्या शांतपणे पार पडतील आणि आमची मुळात गरज नव्हती हे उघड होईल, या भीतीने ठराव बारगळला. आता फुकटातलं फ्रीकॅडही आहे. ते २००२ पासून चाललंय आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० ही आवृत्ती आली. पहिला आकडा गाठायला बावीस वर्षं! मुंबई-गोवा महामार्गाने इतक्यात धीर सोडू नये.

त्या इच्छायादीचं मात्र आमच्या डोक्यात बसलं. आपणही करू या, असं ठरलं. अमेरिकेतले लोक मागतात ते असं: टेबलाची अमुक रेघ तमुक करता यावी, हॅच जरा भराभर व्हावा. आमच्या मागण्या मूलभूत होत्या. पहिली माझी. तीन भाऊ आणि एक बहीण यांत जागा अशी वाटायची, की चौघांनाही रस्त्याला लागलेला तुकडा आपल्यालाच मिळाला असं वाटेल, अशी कमांड. चाचांनी 'पुतण्या' नावाचा लेअर मागितला. मालकाने होकार दिल्यावर शेवटच्या दिवशी मुंबईचा पुतण्या फोनवरून जे बदल सांगतो ते त्या लेअरवर काढायचे, आणि फोन ठेवल्यावर लेअर बंद करायचा. काकांना वास्तूचं हवं होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, संडास यांपैकी कुठेही नाही, आणि जागा मात्र नैर्ऋत्येकडे तोंड करून बसलेली. अशा वेळी घर न फिरवता उत्तर दिशाच फिरवता यावी. ही मागणी ऐकून लोणेरेवाली म्हणाली, 'काका, ती सोय आहे. यूसीएस फिरवा.' काका त्या दिवशी घरी जाताना पाठीने थोडे ताठ होते. दुसऱ्या दिवसापासून म्हसळ्यातल्या तीन घरांच्या नकाशांवर उत्तरेचा बाण जरा खोडकर वागायला लागला.

एक मान्य करायला हवं. या सॉफ्टवेअरमध्ये माणसाच्या स्वभावाची जाण आहे. त्यात 'ऊप्स' नावाची खरीखुरी कमांड आहे. चुकून पुसलं गेलं की ऊप्स लिहून एंटर मारायचा, शेवटचं पुसलेलं परत येतं. 'अरेच्चा!' हा ज्याने अधिकृत आदेश केला तो माणूस संसारी असणार. शिवाय 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेअर आपोआप तयार होतो. त्यावर काढलेलं पडद्यावर स्वच्छ दिसतं, प्रिंटमध्ये मात्र येत नाही. नगरपंचायतीच्या निवडणुकीत कुठल्या वॉर्डात काय काय होणार हे आम्ही त्याच लेअरवर पाहतो. आणि जरासं दुष्टही आहे. 'ईएक्स' म्हणजे रेघ वाढव, नुसतं 'ई' म्हणजे पूस. एका अक्षराच्या आळसाने भिंत वाढायच्या ऐवजी नाहीशी होते.

पण आमचं सगळ्यांत मोठं दुखणं एककांचं. म्हसळ्यात मिलिमीटर हे एकक फक्त पावसाचं आहे. तो वर्षाला तीन हजारांच्या वर पडतो, त्यामुळे बाकी कशासाठी मिलिमीटर शिल्लक राहत नाहीत. जागा गुंठ्यात. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, जुन्या मोजणीची एक साखळी लांब, एक साखळी रुंद, १०८९ चौरस फूट. सातबारा हेक्टर-आरमध्ये. मोजणीची 'क' प्रत मीटरमध्ये. घर फुटात, चौकट इंचात, वाळू-खडी ब्रासमध्ये आणि सळई सुतात. तीन सुती म्हणजे तीन अष्टमांश इंच, दुकानात दहा एमएम. आणि हद्द? हद्द झाडात. 'करवंदीच्या जाळीपासून बांधाच्या वळणापर्यंत.' जंजिऱ्याच्या सिद्दीचं राज्य १९४८ साली संपलं, पण त्या काळातलं म्हसळा अजून असल्या वाक्यांत नांदतं. जाळी दरवर्षी पावसात पुढे येते, त्याबरोबर हद्दही.

चाचांच्या भाच्याने एकदा कुवेतहून बंगल्याचा प्लॅन पाठवला, अर्थात मिलिमीटरमध्ये. मी तो एकक न बघता 'क' प्रतीच्या मीटरवाल्या ड्रॉइंगमध्ये सोडला. आणि झूम एक्स्टेंट्स केलं तर पडद्यावर काहीच दिसेना. जागा गायब. शोधता शोधता कळलं की जागा आहे, पण ती संडासाच्या एका फरशीत सामावली आहे. चार फूट बाय सहा फुटांचा संडास, बाराशे बाय अठराशे. मिलिमीटरचे झाले मीटर. म्हणजे लांबी एक किलोमीटर आठशे मीटर. दारातून आत शिरून कोपऱ्यातल्या नळापर्यंत चालत जायला वीस-बावीस मिनिटं. चाचांनी ते बघितलं, डावा हात कीबोर्डवर ठेवला, हजाराने भागलं आणि एवढंच म्हणाले, 'बेटा, घाईच्या माणसाचं काय झालं असतं?'

दुसरं दुखणं मराठीचं. नकाशावर मालकाचं नाव मराठीत पाहिजे असतं. एकजण एका जुन्या फाँटमध्ये लिहितो, दुसऱ्याच्या मशीनवर तो फाँट नसतो, आणि ऑटोकॅड ज्या अक्षराला ओळखत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतं. एका घराचा नकाशा चाचांच्या मशीनवर उघडला तेव्हा कोपऱ्यात आलं: '????? ?????? ???? यांचे ???? घर'. मधलं 'यांचे' कसं वाचलं देव जाणे. मी खजील झालो. पण काका म्हणाले, असू दे, त्या घराच्या मालकीबद्दल इतकी खरी माहिती आजवर कुठल्याच कागदावर आलेली नाही.

लोणेरेवालीचं जग वेगळं. ती सॉलिडवर्क्स वापरते. ते सॉफ्टवेअर काढणारे जॉन हर्शटिक विद्यार्थिदशेत एमआयटीच्या पत्ते खेळणाऱ्या चमूत होते, आणि कॅसिनोत ब्लॅकजॅकमध्ये जिंकलेल्या पैशांतून त्यांनी १९९३ साली कंपनी उभी केली, असं सांगतात. गणपतीत आमच्याकडे रात्र रात्र पत्ते चालतात, पैसा या खिशातून त्या खिशात जातो, पण त्यातून अजून एकही सॉफ्टवेअर निघालेलं नाही. सकाळच्या आरतीला झांजा कोण वाजवणार यावर भांडणं निघतात. तर तिने प्रोजेक्टसाठी रोठा सुपारी सोलायचं यंत्र केलं. पडद्यावर ते फिरतं, उघडतं, आतून दिसतं. एकंदर त्रेचाळीस भाग. घरी आजीला दाखवलं. आजी सुपारी सोलत सोलतच बघत होती. यंत्राचा सत्ताविसावा भाग जागेवर बसेपर्यंत आजीची पाटी भरली. 'छान आहे,' आजी म्हणाली, 'पण हे सोलतं कधी?'

तिच्याकडून आम्ही एक शब्द मात्र कायमचा उचलला: ओव्हरडिफाइन्ड. सॉलिडवर्क्समध्ये आकृतीवर अटी घालायच्या असतात. ही रेघ तिला समांतर, हे वर्तुळ त्याच्या मध्याशी. कमी अटी असतील तर आकृती निळी राहते आणि हाताने ओढली की हलते. पुरेशा झाल्या की काळी होते, स्थिर. एक अट जास्त झाली की सगळं लालपिवळं होऊन बसतं. चाचा त्यांच्या धाकट्या भावासाठी स्थळं बघत होते त्या महिन्यात हा शब्द आला. मुलगी शिकलेली हवी, पण नोकरी गावात हवी, पण घर मुंबईत हवं, पण सासूजवळ राहायला हवं. चाचांनी घरी जाऊन भावाला स्वच्छ सांगितलं, 'तुझं लग्न लाल झालंय. एक अट काढ.'

आमच्या घरांवर मात्र एक गोष्ट अशी आहे, की जी कुठल्याही नकाशात नसते आणि तरी प्रत्येक स्लॅबवर असते. ती म्हणजे पत्रा. प्लॅन करताना मालक म्हणतो, वर मोकळी गच्ची, संध्याकाळी खुर्ची टाकून बसू. दोन पावसाळे जातात. स्लॅबच्या पोटाला ओल दिसते. तिसऱ्या मे महिन्यात लोखंडी कैच्या येतात आणि गच्चीवर पत्रे चढतात. खुर्ची खाली माजघरात. मी आता पहिल्यापासूनच पत्रा काढून दाखवतो, तर मालक रागावतात: 'एवढा पैसा घालून पत्र्याचं घर बांधायचं?' म्हणून मी तो काढतो आणि लेअर बंद ठेवतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याने लेअर बंदबिंद करायची भानगड ठेवली नाही. एका दुपारी श्रीवर्धन-म्हसळ्यातले पत्रे उडवून नारळाच्या माडांत, खाडीत, लोकांच्या ओट्यांवर वाटून टाकले. त्यानंतर कित्येक दिवस लाईट नव्हती. आमच्या मंडळाची इतकी लांबलेली सभा आधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही. बाकावर एकही कमांड बोलली गेली नाही. कुणाच्या घराचा पत्रा कुठे सापडला एवढंच चाललं होतं, आणि त्याच्या मोबदल्यात कुणी कुणाचा परत केला नाही याचं.

आता ज्या सभेसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. गेल्या जूनमधली. माझ्याकडे चार भावांच्या साडेतीन गुंठ्यांच्या वाटणीचं काम आलं होतं. थोरला गावात, दुसरा डोंबिवलीत, तिसरा मस्कतला, धाकटा नालासोपाऱ्याला. चौघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्याशी मात्र चौघेही बोलत होते, आणि दर वेळी दुसऱ्या तिघांबद्दल. साडेतीन गुंठे म्हणजे ३८११.५ चौरस फूट. भागिले चार, ९५२.८७५. ऑटोकॅडला दशांशानंतर आठ घरं दाखवायला सांगता येतात. मी मुद्दाम सांगितली. ९५२.८७५०००००. चौघांच्याही तुकड्यात एकच आकडा, शेवटच्या शून्यापर्यंत. असा न्याय कोकणात आजवर कुणी दिला नसेल, असं वाटून मी चहा मागवला.

तेवढ्यात थोरल्याचा फोन. 'ते सगळं बरोबर, पण फणस घेतलास का?'

फणस आजोबांनी लावलेला. धरला की गावभर वाटून उरतो. तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या हद्दीवर होता, की पहिल्या-दुसऱ्याच्या, यावरच मुळात अबोला सुरू झाला होता. मी मोजून आणलेला होताच. वर्तुळ काढलं, भोवती पानांची महिरप काढली, नाव दिलं, त्याच्या बुंध्यापासून चारही हद्दींची अंतरं टाकली. हे सगळं करायला सात-आठ मिनिटं लागली. कॉम्प्युटर आपणहून सेव्ह करतो तो दर दहा मिनिटांनी. ज्याने हे दहा ठरवले त्याने म्हसळ्याचा जून पाहिलेला नाही.

लाईट गेली.

मी बाकावर पोहोचलो तेव्हा सभा भरलेली होती. माझा चेहरा बघून चाचांनी विचारलं, 'किती?' म्हणजे किती मिनिटांचं काम गेलं. 'आठ,' मी म्हणालो. 'आठ म्हणजे काहीच नाही,' काका म्हणाले, 'माझी एकदा ट्रेसिंगवर दौत सांडली होती.' काकांची दौत आमच्या प्रत्येक सभेत सांडते. कांदाभजी आली. वाऱ्याने पाऊस बाकापर्यंत येत होता, आम्ही पाय वर घेऊन बसलो होतो. मग दीड तास या प्रश्नावर चर्चा झाली, की झाड हद्दीवर असेल तर वर्तुळाचा मध्य धरायचा की परीघ. लोणेरेवाली म्हणाली, मध्य. चाचा म्हणाले, फांद्या जिथपर्यंत जातात तिथपर्यंत झाड. फणस तर फांदीला पण लागतो. काकांनी निकाल दिला, की झाड ज्याच्या अंगणात पडेल त्याचं.

लाईट आली. सगळे धावले. मी मशीन चालू केलं, रिकव्हरीची यादी आली, वरची फाईल उघडली. चार तुकडे जागेवर, आठही दशांश जागेवर, फणस नाही. तो पुन्हा काढायचा, हे मी कागदावर लिहूनही ठेवलं. तेवढ्यात दुसरं एक घाईचं काम आलं, झेरॉक्सवाल्याला प्लॉटर चालू असताना सगळ्यांचंच काढून घ्यायचं होतं, आणि संध्याकाळी चौघांना पाठवलेल्या प्रिंटमध्ये फणस नव्हताच.

चौघेही त्या आठवड्यात वटपौर्णिमेच्या निमित्ताने गावी होते. तिसराही मस्कतहून आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर एकदम आठ पायांचा आवाज झाला. दार उघडलं तर चौघे भाऊ, खांद्याला खांदा लावून, थोरल्याच्या हातात प्रिंट. अकरा वर्षांत चौघांनी एका सुरात काढलेलं ते पहिलं वाक्य असावं.

'फणस कुठाय?'

मी काही न बोलता मशीन चालू केलं. फाईल उघडली, वर्तुळाची कमांड दिली. प्लसची खूण पडद्यावर लुकलुकायला लागली. 'दाखवा,' मी म्हणालो, 'कुठे ठेवू?'

चार बोटं पडद्यावर आली. चार वेगवेगळ्या जागी.